प्राचीन डीएनए आणि पुरातत्त्वातलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या नगरात मिळालेल्या प्राचीन डीएनएवरचा शोधनिबंध सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून विद्यार्थी, पालक, शाळा-कॉलेजातले शिक्षक या क्षेत्राबद्दल विचारत आले आहेत. माझं काम उत्खननात मिळणाऱ्या मानवी सांगाड्यांचं आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चुकीच्या समजुती फार आहेत.

प्राचीन डीएनएचा अभ्यास म्हणजे नेमकं काय?

शेकडो किंवा हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हाडात, दातात, क्वचित केसात उरलेला डीएनए बाहेर काढायचा, वाचायचा आणि त्यावरून त्या माणसाचे नातेसंबंध, पूर्वज, लिंग, कधी कधी आजार समजून घ्यायचे. सुरुवात १९८४ साली क्वाग्गा या नामशेष झालेल्या, झेब्र्याच्या जातकुळीतल्या प्राण्यापासून झाली. संग्रहालयात ठेवलेल्या त्याच्या कातड्यातून डीएनएचे तुकडे मिळाले. पुढच्याच वर्षी स्वान्ते पेबो यांनी इजिप्तच्या ममीतला डीएनए जाहीर केला. तो बहुधा हाताळणाऱ्या आजच्या माणसांचा होता, असं नंतर मानलं गेलं. याच पेबोंनी पुढची कित्येक वर्षं ही भेसळ कशी टाळायची आणि कशी ओळखायची यावर घालवली. १९९७ मध्ये निअँडरथल या नामशेष मानवाचा पहिला छोटा डीएनए-तुकडा आणि २०१० मध्ये त्याच्या जनुकसंचाचा (जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा) मसुदा त्यांच्या गटाने प्रसिद्ध केला. २०२२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते या कामासाठी.

डीएनए किती काळ टिकतो?

वयापेक्षा थंडी महत्त्वाची. ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा, वनस्पती आणि प्राण्यांचा डीएनए मिळाला आहे. मानवी कुळातला सर्वांत जुना डीएनए स्पेनमधल्या आतापुएर्का इथल्या एका खोल, थंड गुहेतला, सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीचा आहे. उलट आपल्याकडे दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडातही काही सापडेलच याची खात्री नाही. ऊन आणि ओल एकत्र आली की डीएनएचे तुकडे होत जातात. उरतात ते बहुतेक शंभर अक्षरांहूनही (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या घटकांहूनही) लहान असतात.

या झिजेचा एक उपयोगही आहे. जुन्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन हा घटक बदलून युरॅसिल होतो आणि यंत्र तो थायमिन म्हणून वाचतं. टोकांकडे असे बदल ठरावीक प्रमाणात वाढलेले दिसले, तर डीएनए जुना. दिसले नाहीत, तर तो उत्खनन करणाऱ्याचा किंवा लॅबमधल्या कुणाचा असण्याची दाट शक्यता.

जनुकशास्त्र एवढं पुढे गेलं असताना पुरातत्त्व शिकायचं कशाला?

या पानावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. इंग्लंडमध्ये हेझल्टन नॉर्थ इथे सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे. तिच्यातल्या ३५ जणांचा डीएनए तपासला, तेव्हा २७ जण एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्यांतले निघाले. एक पुरुष, त्याला चार स्त्रियांपासून झालेली मुलं आणि त्यांचा वंशविस्तार. समाधीला दोन दालनं आहेत. कोणाला उत्तरेकडच्या दालनात ठेवायचं आणि कोणाला दक्षिणेकडच्या, हे त्या चारपैकी कोणत्या स्त्रीच्या वंशातला यावरून ठरत होतं. पुरुषांच्या वंशाने चालणाऱ्या कुटुंबात आजीचं स्थान एवढं पक्कं होतं, हे पाच हजार वर्षांनी कळलं.

आता हे कळलं कशामुळे? समाधी १९७९ ते १९८२ या काळात खोदली गेली. तेव्हा प्राचीन डीएनए हे शास्त्रच नव्हतं. पण खोदणाऱ्यांनी कोणतं हाड कोणत्या दालनात, कुठे मिळालं याची बारकाईने नोंद ठेवली होती. त्या नोंदी नसत्या तर हाती फक्त वंशावळ आली असती आणि दालनांचा अर्थ कायमचा गेला असता.

दुसरं उदाहरण स्वीडनमधल्या बिर्का इथलं. तिथलं एक दफन १८७८ साली उघडलं गेलं. तलवार, बाण, दोन घोडे असा सगळा सरंजाम बघून ते पुरुष योद्ध्याचं ठरवलं गेलं. २०१७ मध्ये डीएनएने दाखवलं की ती स्त्री होती. पण ती स्वतः लढत होती का, हे डीएनए सांगत नाही. त्यासाठी परत हत्यारांकडे, दफनाच्या मांडणीकडे, हाडांवरच्या खुणांकडेच जावं लागतं. म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर मातीचे थरही वाचता आले पाहिजेत आणि जनुकसंचही. दुसऱ्याने पाठवलेल्या नळ्यांतली पूड यंत्रात घालून देणारा तंत्रज्ञ व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

राखीगढीत नेमकं काय सापडलं?

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात राखीगढी हे सिंधू संस्कृतीचं फार मोठं नगर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दफनभूमीत उत्खनन केलं. तिथल्या ६१ नमुन्यांची तपासणी झाली आणि उपयोगी डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीचा. तिच्या हाडाच्या पुडीवर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करून तुकडे जमवावे लागले.

त्या स्त्रीच्या जनुकसंचात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. इराणी शेतकऱ्यांशी दुरून जुळणारा एक अंश होता, पण तो शेती सुरू होण्याआधीच तिकडच्या लोकांपासून वेगळा झालेल्या शाखेचा. म्हणजे इराणकडच्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने इकडे येऊन शेती आणली, या कल्पनेला त्यातून आधार मिळत नाही.

मग आर्य बाहेरून आले की नाही?

त्याच महिन्यात दुसरा निबंध आला. मध्य आणि दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएचा. त्यानुसार गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश दक्षिण आशियात साधारण इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात मिसळला. दोन्ही निबंधांचे बरेच लेखक सामाईक आहेत आणि दोन्ही निष्कर्ष एकत्र बसतात: सिंधू नगरांच्या भरभराटीच्या काळातल्या त्या स्त्रीत हा अंश नाही, नंतरच्या लोकसंख्येत आहे. वर्तमानपत्रांनी त्या आठवड्यात पहिल्या निबंधाचा अर्धा भाग उचलला आणि दुसरा निबंध जवळपास सोडून दिला.

डीएनएला भाषा नसते, धर्म नसतो. लोकांच्या येण्या-जाण्यावरून भाषेबद्दल अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज भाषाशास्त्राने आणि पुरातत्त्वाने तोलावा लागतो. आणि एका स्त्रीच्या जनुकसंचावरून अख्ख्या संस्कृतीबद्दल बोलताना किती जपून बोलायचं, हे संशोधकाने पत्रकार परिषदेआधीच ठरवलेलं असावं. तुम्ही या क्षेत्रात आलात तर हा प्रश्न तुम्हाला लग्नकार्यातसुद्धा विचारला जाईल. माहीत आहे तेवढंच सांगायची सवय विद्यार्थी असतानाच लावून घ्या.

महाराष्ट्रात या कामाला वाव आहे का?

प्रश्नांचा तुटवडा अजिबात नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातले शेतकरी, इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचे. ते आपले मृत घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना जोडून आडवं ठेवत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा असं उत्खनकांचं मत आहे.

एकाच घराखालची मुलं सख्खी भावंडं होती का? सासुरवाशिणी कुठून येत होत्या? रांजणातल्या पुरुषाचे आणि त्याच घरातल्या इतरांचे नाते काय? हे प्रश्न डीएनएने सुटू शकतील असे आहेत. विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथली, दफनांभोवती दगड रचून केलेली शिलावर्तुळं आहेत, तिथेही असेच प्रश्न उभे आहेत.

अडचण हवामानाची आणि मातीची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यासोबत हाडंही तडकतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडच टिकत नाही. म्हणून इथे काम करणाऱ्याने केवळ डीएनएवर विसंबू नये. दाताच्या एनॅमलमधली प्रथिनं डीएनएपेक्षा चिवट असतात, त्यांवरून स्त्री की पुरुष हे ओळखता येतं, अगदी लहान मुलांचंही. हाडातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) आहार कळतो: ज्वारी-बाजरी एका प्रकारची खूण ठेवते, गहू-जव-तांदूळ दुसऱ्या. दातातल्या स्ट्रॉन्शियमवरून माणूस लहानपणी त्याच परिसरात वाढला की बाहेरून आला, याचा माग लागतो. माझ्या मते दख्खनमध्ये पुढची काही वर्षं या पद्धतींतूनच जास्त हाती लागेल. हे शिकून घेतलेल्या विद्यार्थ्याचा डीएनए मिळाला नाही तरी प्रबंध अडत नाही.

बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी?

दोन वाटा आहेत. एक, विज्ञान शाखेतून जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मानवशास्त्रात बीएस्सी-एमएस्सी आणि मग पुरातत्त्वाकडे वळणं. दुसरी, पुरातत्त्वात एमए करून जैविक मानवशास्त्र आणि मग लॅबचं काम शिकणं. पुरातत्त्वाच्या एमएला विज्ञानाचे पदवीधरही येतात आणि त्यांचं स्वागतच होतं. पहिली वाट लॅबमध्ये प्रवेश मिळायला सोपी, दुसरी वाट प्रश्न विचारायला. दुसऱ्या वाटेने आलेल्यांनी मनात न्यूनगंड ठेवू नये. पिपेट धरायला काही आठवड्यांत जमतं. थर ओळखायला काही हंगाम जावे लागतात.

गणित आणि कोडिंग यायलाच हवं का?

हो. लिनक्स ही संगणकप्रणाली, आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि संख्याशास्त्राचा पक्का पाया. लॅबमधलं काम काही महिन्यांत आटोपतं, पण त्या माहितीचं विश्लेषण वर्षभर चालू शकतं.

भारतात कुठे शिकता येईल?

पुरातत्त्व आणि मानवी सांगाड्यांच्या अभ्यासासाठी पुण्यातलं डेक्कन कॉलेज ही जुनी आणि भक्कम जागा. इथे सांगाड्यांच्या अभ्यासाची परंपरा इरावती कर्व्यांपर्यंत मागे जाते. गुजरातमधल्या लांघणजच्या उत्खननात त्या सांकलियांबरोबर होत्या. नागपूर विद्यापीठातही प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे आणि विदर्भातल्या महापाषाणीय (मोठे दगड रचून दफनं करणाऱ्या) संस्कृतीवर काम करायचं तर तो जवळचा.

डीएनएच्या लॅबसाठी हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) आणि लखनऊची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था ही दोन नावं आधी घ्यावीत. रूपकुंडचं काम या दोन संस्थांनी हार्वर्डसोबत केलं. उत्तराखंडात ५,००० मीटरहून उंचावरच्या त्या तळ्याकाठी शेकडो माणसांची हाडं विखुरली आहेत. सगळे एकाच दुर्घटनेत मेले, असं मानलं जाई. ३८ जणांच्या डीएनएत २३ जण दक्षिण आशियाई, साधारण इसवी सन ८०० च्या आसपासचे, तर १४ जण पूर्व भूमध्य भागातले आणि ते थेट १८०० च्या सुमाराचे निघाले. एक जण आग्नेय आशियाई. भूमध्य समुद्राकडचे लोक तिथे कशासाठी आले होते, हे अजून उलगडलेलं नाही. थंडीमुळेच तिथला डीएनए एवढा चांगला राहिला.

कोलकात्यात मुख्यालय असलेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाकडे जुन्या उत्खननांतल्या सांगाड्यांचा मोठा संग्रह आहे. पीएचडीचा विषय नव्या उत्खननातूनच मिळतो असं नाही.

परदेशात जावंच लागतं का?

जावंच असं नाही, पण काही वर्षं जाऊन आलेलं बरं. जर्मनीत लाइपझिगची मॅक्स प्लांक उत्क्रांती मानवशास्त्र संस्था, कोपनहेगन विद्यापीठ, लंडनची फ्रान्सिस क्रिक संस्था, व्हिएन्ना, स्टॉकहोम, अमेरिकेत हार्वर्ड, ही मोठी केंद्रं. युरोपात पीएचडी म्हणजे बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी असते आणि लॅबची भाषा इंग्रजी असते. अर्ज करताना संस्थेचं नाव पाहण्यापेक्षा गाइडचे मागच्या पाच वर्षांतले निबंध वाचा आणि त्यातला एखादा प्रश्न धरून पत्र लिहा. ‘मला प्राचीन डीएनएत रस आहे’ एवढ्यावर उत्तर येत नाही.

पोट भरेल का? (हा प्रश्न बहुतेक वेळा आई-वडील विचारतात)

पुरातत्त्व हा विषय घेऊन यूजीसी-नेट देता येते, जीवशास्त्राकडून आलेल्यांना सीएसआयआर-नेट. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या मुदतीची पोस्टडॉक पदं, आणि ती बहुधा घरापासून दूर. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण जागा कमी निघतात आणि भरायला वेळ लावतात. पस्तिशीपर्यंत स्थैर्य नसेल, असं धरून चाला. घरच्यांनी तोवर घाई केली नाही तर मुलामुलींना मोठा आधार होतो.

सगळेच प्राध्यापक होतात असं नाही. जनुकीय माहितीचं विश्लेषण करता येणाऱ्यांना रुग्णालयं, औषध कंपन्या, न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांत काम मिळतं. पुरातत्त्वाकडून आलेल्यांना संग्रहालयं, राज्य पुरातत्त्व विभाग आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण.

लॅबमध्ये दिवसभर काय करावं लागतं?

अंगभर पांढरा पोशाख, मास्क, दोन जोड हातमोजे. खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे धूळ आत येत नाही. टेबलं ब्लीचने पुसायची, रात्री अतिनील दिवे लावायचे. कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवती पेट्रस नावाचं शरीरातलं सर्वांत घट्ट हाड असतं. उष्ण प्रदेशात त्यातच डीएनए मिळण्याची आशा जास्त. त्यातून काही मिलिग्रॅम पूड काढायची, रसायनांत विरघळवायची, डीएनए सिलिकावर पकडायचा, त्याच्या टोकांना ओळखपट्ट्या जोडून सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे यंत्राने वाचण्यासाठी, तयार करायचा. दर वेळी हाडाशिवायचा एक कोरा नमुनाही सोबत चालवायचा. त्यात काही सापडलं तर सगळं काम पुन्हा.

बहुतेक नमुने रिकामे निघतात. राखीगढीचा ६१ पैकी एक हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच या कामात उतरा.

उत्खननात सांगाडा मिळाला तर काय काळजी घ्यायची?

उघड्या हाताने धरू नका, त्यावर वाकून बोलू नका. हाड पाण्याने धुऊ नका. टिकावं म्हणून त्यावर रसायन किंवा गोंद लावायची जुनी पद्धत आहे, तिच्यासाठी नमुने काढून होईपर्यंत थांबा. आधी फोटो, रेखाटन, मोजमाप. मग हातमोजे आणि मास्क घालून दात आणि पेट्रसचा भाग वेगळ्या स्वच्छ पिशवीत. पिशवी उन्हात ठेवू नका. सांगाड्याच्या पोटाजवळची आणि थोड्या अंतरावरची माती दोन वेगळ्या पिशव्यांत घ्या: पहिलीत कृमींची अंडी मिळू शकतात, दुसरी तुलनेसाठी लागते. उन्हाळ्याच्या दुपारी दोन तास हे करणं कठीण जातं, तरी करावंच लागतं.

हाड कापणं योग्य आहे का?

कापलेलं हाड परत येत नाही, म्हणून परवानगी, नोंद आणि प्रश्न हे तिन्ही आधी हवेत. पेट्रस प्रत्येक माणसाला दोनच. एक तरी पुढच्या पिढीच्या चांगल्या तंत्रासाठी राखून ठेवावं. कापण्याआधी त्याचा सीटी स्कॅन करून ठेवावा.

आणि हाड कुणाचं तरी असतं. अमेरिकेत १९९६ मध्ये सापडलेल्या केनेविक मॅन या प्राचीन सांगाड्यावर तिथल्या आदिवासी जमातींनी पूर्वज म्हणून हक्क सांगितला होता. वर्षानुवर्षं खटला चालला. २०१५ मध्ये डीएनएने त्यांचंच म्हणणं उचलून धरलं आणि २०१७ मध्ये त्या सांगाड्याचं त्यांनी दफन केलं. त्यांच्याशी सुरुवातीलाच नीट बोलणं झालं असतं तर वीस वर्षं वाचली असती. आपल्याकडे उत्खनन ज्या गावात होतं तिथल्या लोकांना काय निघालं हे पहिल्यांदा वर्तमानपत्रातून कळतं. हे बदललं पाहिजे. ग्रामसभेत जाऊन मराठीत सांगणं हा संशोधनाचाच भाग धरावा.

शुद्ध वंश, श्रेष्ठ जात यांचे पुरावे मागायला लोक येतील. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये कवट्यांवर पीएचडीचं काम करत होत्या आणि त्यांचे गाइड वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. मोजमापं तसं दाखवत नाहीत, हे त्यांनी त्याच गाइडसमोर लिहून दिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर आकडे जे म्हणतात तेच लिहा.

रोगांचा अभ्यासही यात येतो का?

येतो, आणि हा भाग झपाट्याने वाढतो आहे. चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच २०११ मध्ये लंडनच्या दफनभूमीतल्या दातांतून मिळाला. त्या साथीचा उगम शोधताना २०२२ मध्ये किरगिझस्तानातल्या १३३८-३९ च्या कबरींपर्यंत संशोधक पोहोचले. तिथल्या शिलालेखांवर महामारीने मृत्यू असं कोरलेलं होतं आणि दातांत प्लेगचा जंतू सापडला. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांनी हा पर्याय जरूर पाहावा.

मी आत्ता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सुट्टीत काय करू?

उत्खननाचे हंगाम साधारण पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतात. म्हणून दिवाळीआधीच विभागांना पत्र लिहून स्वयंसेवक घेता का, विचारा. येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पाहून या, घाईने नको. उन्हाळ्यात घरी बसून लिनक्स शिका. प्राचीन डीएनएची प्रकाशित माहिती कुणालाही मोफत उतरवून घेता येते. राखीगढीच्या निबंधातली माहिती घ्या, त्यातली एखादी आकृती स्वतः काढून पाहा. अडलात तर जिथे अडलात ती ओळ, आलेला त्रुटीसंदेश आणि तोवर काय काय करून पाहिलंत हे लिहून एखाद्या संशोधकाला विचारा. असं नेमकं विचारणाऱ्याला सहसा उत्तर मिळतं.